कृष्णधवल छायाचित्रांत हाताने रंग भरताना

प्रतिनिधी, नवी मुंबई

वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या सदनिकांमध्ये राहावयास आलेल्या कुटुंबांनी गिरगाव-परळच्या चाळींतून किंवा सातारा-रत्नागिरीकडील गावांतून सामानाबरोबर भिंतीवरची छायाचित्रेही आणली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली त्या वेळी येथे गावठाणे, भातशेती आणि मिठागरे होती. त्या मूळ गावांतील घरांतही लग्नाची, हळदीची, क्वचित शेताच्या बांधावरची कृष्णधवल छायाचित्रे जपून ठेवलेली आढळतात. ज्या जमिनीवर ती काढली गेली, तिच्या बऱ्याच भागावर आज सेक्टर उभे आहेत.

ही छायाचित्रे हाताने रंगविण्याची कला एके काळी स्टुडिओंत नित्याची होती. आज ती छंद म्हणून घरच्या घरी शिकता येते. साहित्य थोडे लागते आणि तंत्रही अवघड नाही. अवघड आहे तो एकच प्रश्न, कोणता रंग द्यायचा? १९६०-६५ च्या सुमारास ज्यांचे लग्न झाले ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. आजीच्या लुगड्याचा खरा रंग सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम करण्यात खरा अर्थ आहे. म्हणून कुंचला हाती घेण्यापूर्वी वही हाती घ्यावी, हा या कलेचा पहिला धडा म्हणता येईल.

परंपरा स्टुडिओंची

छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगापुढे आला आणि त्यापाठोपाठ चित्रांत रंग भरण्याचे प्रयत्न सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील योहान बाप्टिस्ट इझेनरिंग या चित्रकाराने डिंक व रंगद्रव्याची पूड वापरून धातूच्या पत्र्यावरील छायाचित्रे रंगविली. जपानमध्ये योकोहामा येथील स्टुडिओंतून जलरंगात रंगविलेली छायाचित्रे परदेशी प्रवाशांना मोठ्या प्रमाणावर विकली जात. १८५७ च्या उठावानंतर भारतात येऊन छायाचित्रे काढणारा फेलिचे बेआतो हा पुढे त्याच योकोहामात स्थायिक झाला आणि त्याने या व्यवसायाला नाव मिळवून दिले.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लघुचित्रांच्या परंपरेतील अनेक चित्रकार स्टुडिओंच्या आणि संस्थानिकांच्या पदरी छायाचित्रे रंगविण्याचे काम करू लागले. त्यांची पद्धत पाश्चात्त्य रीतीहून वेगळी होती. युरोप-अमेरिकेत पातळ, पारदर्शक रंगाचा हात फिरवीत. भारतीय चित्रकार पुष्कळदा अपारदर्शक रंगाचे जाड थर देत, सोनेरी रंगाने दागिने उठावदार करीत आणि पार्श्वभूमी संपूर्ण बदलून टाकीत. काही चित्रांत चेहरा तेवढा छायाचित्राचा राहतो, बाकी सारे चित्र होते.

रंगीत छायाचित्रणाची वाट खुली झाली ती १९०७ साली ल्युमिएर बंधूंच्या ऑटोक्रोम काचेने आणि १९३५ साली आलेल्या कोडाक्रोम फिल्मने. तरीही आपल्याकडे सर्वसामान्य घरांत रंगीत फोटो रुळायला पुढची काही दशके जावी लागली. तोवर दिवंगत वडीलधाऱ्यांचे छायाचित्र मोठे करून, रंगवून, चंदनाचा हार घालून भिंतीवर लावण्याची प्रथा घरोघरी होती. मुंबईच्या चित्रपटगृहांबाहेर लागणारी 'शोकार्डे'ही कृष्णधवल छायाचित्रे कापून, जोडून व हाताने रंगवून केलेली असत. पडद्यावरचा चित्रपट कृष्णधवल असला तरी बाहेरची जाहिरात रंगीत असे.

मूळ प्रतीला हात लावू नये

नवशिक्यांकडून होणारी सर्वांत मोठी आणि न सुधारता येणारी चूक म्हणजे मूळ छायाचित्रावरच रंग देणे. निगेटिव्ह बहुतेक घरांत हरवलेली असते. हातात असलेली प्रत ही एकमेव प्रत असते. म्हणून काम नेहमी नकलेवर करावे.

नक्कल करण्यासाठी छायाचित्र स्कॅनरवर किमान ६०० डीपीआय घनतेने टिपावे. चार गुणिले सहा इंचांचे छायाचित्र या घनतेने टिपल्यास साधारण २४०० गुणिले ३६०० पिक्सेल मिळतात आणि त्यातून आठ गुणिले बारा इंचांची स्वच्छ प्रत निघते. पासपोर्ट आकाराच्या छायाचित्रासाठी १२०० डीपीआय घ्यावे. छायाचित्र फ्रेमच्या काचेला चिकटले असेल तर ते ओढून काढू नये. चित्राचा थर काचेवरच राहण्याची भीती असते. अशा वेळी काचेसकट स्कॅन करावे, किंवा खिडकीच्या तिरप्या उजेडात, प्रतिबिंब टाळून कॅमेऱ्याने टिपावे.

छपाईसाठी पाठवताना प्रत मुळापेक्षा किंचित फिकी ठेवावी. फार काळ्या भागावर रंग दिसत नाही. त्याच्या किमान तीन प्रती काढाव्यात. एक चाचणीसाठी, एक रंगविण्यासाठी आणि एक तशीच कृष्णधवल ठेवण्यासाठी.

कागद आणि साहित्य

जुन्या पद्धतीचा, चकाकी नसलेला डार्करूमचा फायबर कागद या कामास उत्तम. त्याच्या जिलेटिनच्या थरावर रंग नीट धरतो. प्लास्टिकचा लेप असलेल्या आणि चकचकीत कागदावर तो घसरतो. डार्करूमची छपाई आता दुर्मीळ झाल्याने बहुतेकांना डिजिटल छपाईवरच काम करावे लागेल. त्यासाठी जाड, मॅट, सुती कागद व पिग्मेंट शाईची छपाई सांगून घ्यावी. साध्या डाय शाईवर पाण्याचा थेंब पडताच ती पसरते. छपाईत हलकी सेपिया म्हणजे तपकिरी झाक ठेवल्यास त्वचेचे रंग अधिक नैसर्गिक दिसतात. निव्वळ करड्या छटेवर चेहरा मलूल वाटतो.

रंग तीन प्रकारचे वापरता येतात.

*पारदर्शक तैलरंग:* विसाव्या शतकात अमेरिकेतील मार्शल कंपनीचे छायाचित्रांसाठीचे तैलरंग प्रमाण मानले गेले. ते न मिळाल्यास कलासाहित्याच्या दुकानातील साधे तैलरंग चालतात, मात्र ट्यूबवर 'पारदर्शक' अशी खूण असलेलेच निवडावेत. चूक पुसून काढता येते हा यांचा मोठा गुण आहे.

*फोटो कलर:* बाटलीत मिळणारे पारदर्शक जलरंग. मुंबईत १९३१ साली स्थापन झालेल्या कॅम्लिनच्या 'कॅमल' नाममुद्रेखालीही असे रंग मिळत आले आहेत. हे लवकर वाळतात, पण कागदात मुरतात. चूक झाल्यास पुसता येत नाही.

*रंगीत पेन्सिली व सुक्या पेस्टल:* अगदी पहिल्या सरावासाठी सर्वांत सोयीचे. साध्या लेसर छपाईच्या प्रतीवरही हात बसविता येतो.

याशिवाय कापूस, दात कोरण्याच्या काड्या, शून्य ते तीन क्रमांकांचे मऊ कुंचले, टिपकागद, टर्पेंटाइन, थोडे जवसाचे तेल, रंग कालविण्यासाठी चिनी मातीची पांढरी बशी आणि कागद चिकटविण्यासाठी लाकडी पाट एवढे पुरेसे आहे.

रंग ठरविण्याआधी

कृष्णधवल छायाचित्र उजेड-अंधार सांगते, रंग सांगत नाही. हिरवे आणि किरमिजी वस्त्र त्यात एकाच करड्या छटेचे दिसू शकते. जुन्या छायाचित्रांत आणखी एक फसगत असते. आरंभीच्या काचा फक्त निळ्या प्रकाशाला आणि नंतरच्या 'ऑर्थोक्रोमॅटिक' काचा निळ्या-हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देत. लाल रंग त्यांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल वस्त्र काळे आणि निळे आकाश पांढरे उमटे. सर्व रंगांची दखल घेणाऱ्या 'पॅनक्रोमॅटिक' काचा १९०६ पासून बाजारात आल्या, पण बदल सर्वत्र एकाच वेळी झाला नाही.

याचा परिणाम मराठी घरांतील छायाचित्रांवर स्पष्ट दिसतो. कपाळावरचे लाल कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते. पूर्वी काही ब्राह्मण घराण्यांत केशवपन केलेल्या विधवा तांबडे आलवण नेसत. अशा पणजीचे छायाचित्र हाती आल्यास तिचे वस्त्र जवळजवळ काळे दिसेल आणि नवशिका ते काळेच रंगवील. याउलट नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे, हलव्याच्या दागिन्यांचे छायाचित्र असेल तर तिची गडद साडी खरोखरच काळी, चंद्रकळा असण्याचा संभव अधिक. करडी छटा एकच, पण एका ठिकाणी ती वैधव्याची खूण असते आणि दुसऱ्या ठिकाणी सणाची.

म्हणून पुढील क्रमाने माहिती जमवावी.

१. छायाचित्राच्या मागे तारीख, स्टुडिओचा शिक्का वा नाव आहे का ते पाहावे.

२. प्रसंग ओळखावा. हळदीला व लग्नाला पिवळी अष्टपुत्री, हिरवा चुडा, डोहाळजेवणाला हिरवी साडी आणि फुलांचे दागिने, असे संकेत बहुतेक घरांत पाळले जात. तरी जातीनुसार आणि गावानुसार रीत बदलते. आगरी-कोळी घरातील लग्नाचा तपशील त्या घरातच विचारावा.

३. ऋतू ओळखावा. मिठागरांचा हंगाम पावसाळा सरल्यानंतर, मुख्यतः जानेवारी ते मे असा. मिठाच्या राशी दिसत असतील तर मागची जमीन हिरवीगार रंगविणे चूक ठरेल. शेतात भात उभा असेल तर तो पोपटी आहे की पिकून पिवळा झाला आहे, हे लोंब्यांवरून ठरते.

४. वस्तू शोधाव्यात. जुन्या पेटीत लुगड्याचा काठ, पागोटे, टोपी, पितळी डबा उरला असेल तर तो उजेडात ठेवून त्याच्याशी रंग जुळवावा.

५. वडीलधाऱ्यांना विचारावे. 'साडी लाल होती ना?' असे विचारू नये. उत्तर बहुधा 'हो' असेच येते. 'त्या दिवशी काय काय नेसला होता?' असे मोकळे विचारावे. दोघांना वेगवेगळे विचारल्यास आठवणी पडताळता येतात. उत्तर कोणी, केव्हा दिले हे वहीत लिहावे.

कुंकवाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. छायाचित्रातील कपाळ मोकळे असेल तर ते मोकळेच ठेवावे. जुन्या स्टुडिओंत ग्राहकाच्या सांगण्यावरून दागिने, जर किंवा कुंकू वाढविले जाई. घरच्या अल्बममध्ये असे करणे म्हणजे एखाद्या बाईच्या आयुष्याची हकिगत बदलणे होय.

तैलरंगाची कृती

प्रत पाटावर कागदी चिकटपट्टीने चारही कडांना चिकटवावी. पांढरी किनार स्वच्छ राहते. दोन भाग टर्पेंटाइन व एक भाग जवसाचे तेल यांच्या मिश्रणात कापूस किंचित भिजवून प्रतीवरून हलका फिरवावा आणि लगेच कोरड्या कापसाने पुसून घ्यावे. यामुळे रंग सारखा पसरतो. डिजिटल छपाईचा कागद तेल पटकन शोषतो, म्हणून त्यावर आधी फिक्सेटिव्हचा पातळ फवारा मारून तो वाळू द्यावा आणि पहिला प्रयोग चाचणीच्या प्रतीवरच करावा.

मोठ्या भागांपासून लहान भागांकडे जावे. प्रथम पार्श्वभूमी, मग वस्त्रे, मग चेहरा व हात, शेवटी दागिने, फुले आणि काठ. वाटाण्याएवढाही रंग एका चित्राला पुष्कळ होतो. कापसाच्या बोळ्याने रंग लावावा आणि स्वच्छ कापसाने गोलाकार चोळून उतरवीत न्यावा. जेवढा पुसला जाईल तेवढे काम चांगले. लहान जागांसाठी काडीच्या टोकाला कापूस घट्ट गुंडाळून घ्यावा. कडेबाहेर गेलेला रंग टर्पेंटाइनच्या ओल्या काडीने टिपून घ्यावा.

सावल्या वेगळ्या रंगवू नयेत. त्या छायाचित्रात आधीच आहेत. पारदर्शक रंगाखालून त्या आपोआप उमटतात आणि हीच या कलेची गंमत आहे. वस्त्राच्या चुण्या दिसेनाशा झाल्या तर रंग जास्त झाला असे समजावे.

तेल-टर्पेंटाइनचे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि विस्तवापासून दूर करावे. जवसाच्या तेलात भिजलेले बोळे ढीग करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ते पाणी भरलेल्या डब्यात टाकून मगच फेकावेत.

जलरंग आणि पेन्सिल

फोटो कलर वापरताना डार्करूमची प्रत आधी स्वच्छ पाण्याने सारखी ओलसर करून टिपकागदाने टिपून घ्यावी. कोरड्या कागदावर रंगाचे डाग पडतात. रंग आवश्यक वाटतो त्याहून बराच पातळ करावा आणि एका गडद हाताऐवजी तीन-चार फिके हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर टिपकागद दाबावा. पेन्सिलीने काम करताना टोक बारीक ठेवून, जोर न देता एकाच दिशेने छटा भराव्यात आणि कापसाने मिसळाव्यात.

चेहरा: सर्वांत नाजूक जागा

चेहऱ्यासाठी मिळणारे तयार 'त्वचा' रंग बहुधा गोऱ्या त्वचेसाठी केलेले असतात. मराठी माणसाच्या वर्णासाठी त्यात तपकिरी आणि किंचित पिवळसर छटा मिसळावी लागते. जुन्या रंगविलेल्या छायाचित्रांत साऱ्यांनाच उजळ करण्याची सवय दिसते. उलटपक्षी लाल रंग न टिपणाऱ्या काचांवर सावळा चेहरा मूळापेक्षा काळा उमटे, हेही खरे. दोन्ही फसगतींवर उपाय एकच, जिवंत नातलगांच्या वर्णाशी ताडून पाहणे. मुलाचा किंवा नातवाचा हात प्रतीशेजारी धरून छटा जुळविता येते.

गाल आणि ओठांवर लाल रंग नावापुरताच द्यावा. डोळ्यांतील पांढरा भाग आणि दात यांना रंग लावू नये. केस काळेभोर करू नयेत. पिकलेल्या केसांतही छायाचित्राची करडी छटा पुरेशी असते.

पावसाळ्यात काम टाळावे

खाडीकाठच्या या शहरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता सर्रास ८० टक्क्यांवर राहते, तर छायाचित्रे जतन करण्यासाठी ३० ते ५० टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. दमट हवेत तैलरंग वाळण्यास फार वेळ घेतात आणि जिलेटिनवर बुरशी धरते. रंगकामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ उत्तम. त्या दिवसांतही तैलरंगाची प्रत धूळ न लागेल अशा जागी आडवी ठेवून किमान आठवडाभर वाळू द्यावी.

मूळ छायाचित्रावर बुरशी दिसल्यास ओल्या फडक्याने पुसू नये. बुरशीने जिलेटिन विरघळण्याजोगे झालेले असते आणि चित्रच निघून येते. ते कोरड्या जागी वेगळे ठेवून आधी स्कॅन करून घ्यावे. चिकट पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन ही दोन्ही टाळावीत. आम्लविरहित कागदाचे पाकीट व कपाटात सिलिका जेलच्या पुड्या एवढी व्यवस्था घरी करता येते. रंगविलेली प्रत फ्रेम करताना मध्ये माउंटचा पुठ्ठा घालावा, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. थेट ऊन पडणारी भिंत टाळावी.

संगणक रंगवितो तेव्हा

संगणकावर हेच काम चूक परत घेण्याच्या सोयीसह करता येते. फोटोशॉप किंवा विनामूल्य मिळणाऱ्या गिम्पमध्ये छायाचित्रावर नवा लेयर घेऊन त्याची पद्धत 'कलर' ठेवली की रंग बदलतो, उजेड-सावली तशीच राहते. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'ची रंगीत आवृत्ती २००४ साली आणि 'नया दौर'ची २००७ साली प्रदर्शित झाली, तीही संगणकाच्याच आधारे.

त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली. २०१८ मधील 'डीओल्डिफाय' व २०२० मधील 'मायहेरिटेज'ची सुविधा यांमुळे क्षणार्धात रंगीत छायाचित्र मिळू लागले. मात्र ही साधने लाखो इतर छायाचित्रांवरून अंदाज बांधतात. त्यांना तुमच्या घरची पेटी ठाऊक नसते, संक्रांत आहे की सुतक हेही कळत नाही. सुचलेला रंग पटण्याजोगा असतो, तो खरा असेलच असे नाही. आजीसमोर ठेवून 'असे होते का?' हे विचारण्यासाठी अशा प्रतीचा उपयोग जरूर करावा. 'नाही, असे नव्हते' या उत्तरातून खरी माहिती निघते.

शेवटचा हात: नोंद

रंगविलेल्या प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात: छायाचित्रातील व्यक्ती व अंदाजे साल, रंगविल्याची तारीख, कोणते रंग माहितीवरून दिले आणि कोणते अंदाजाने. 'लुगडे हिरवे, काठ लाल, मावशीच्या सांगण्यावरून. पडद्याचा रंग अंदाजे' एवढी ओळ पुरे. ती नसेल तर पुढची पिढी अंदाजालाच पुरावा मानील.

सुरुवात एका व्यक्तीच्या, साध्या पार्श्वभूमीच्या छायाचित्राने करावी. समूहचित्र नंतर घ्यावे. आठ गुणिले दहा इंचांच्या प्रतीला नवशिक्यास दोन-तीन सुट्ट्यांचे दिवस लागतात. विचारपूस करण्याला त्याहून अधिक वेळ लागला तर तो वाया गेला असे समजू नये. रंग उद्याही देता येईल. सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही.